बंद पेटी उघडण्याची विद्या

"हॅकर" हा शब्द कानीं पडला कीं सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी पडते. बँकेंतील शिल्लक लुबाडणारा, दुसऱ्याचीं पत्रें चोरून वाचणारा, अंधाऱ्या खोलींत बसून जगाचीं कुलुपें फोडणारा असा कोणी इसम त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुलें "हॅकिंग शिकावयाचें आहे" असें म्हणूं लागलीं, म्हणजे तीं आतां हातचीं गेलीं असेंच त्यांना वाटतें. या भीतीला मुळींच आधार नाहीं असें नाहीं. परंतु विळीनें बोट कापतें म्हणून कोणी स्वयंपाक बंद करीत नाहीं. विळी कशी धरावी तें मुलांना शिकविलें जातें. हॅकिंगची गोष्टहि अशीच आहे. ही विद्या मुळांत कसली आहे, नवशिक्यानें तिचा श्रीगणेशा कोठें करावा, आणि तिची मर्यादा कोणती, हें घरांतल्या मोठ्या माणसांना ठाऊक असेल, तर त्या मुलांचा अर्धा धोका तेथेंच टळेल.

या शब्दाचा जन्म अमेरिकेंत, आणि तोहि एका खेळांत झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या विख्यात संस्थेंत आगगाडीच्या छोट्या प्रतिकृति चालविणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. कांहीं सभासदांना डबे रंगविण्यांत आणि डोंगर-पुलांचे देखावे उभारण्यांत गोडी होती; कांहींचें लक्ष मात्र टेबलाखालच्या तारांच्या जंजाळांत गुंतलेलें असे. कोणती कळ दाबली असतां कोणता सांधा बदलावा, दोन गाड्या एकाच रुळावर येऊं नयेत म्हणून काय योजना करावी, हे त्यांचे प्रश्न. टेलिफोनच्या कामांतले जुने रिले जमवून, हाताशीं असेल त्या सामानांतून, एखादी अवघड युक्ति कोणी साधली, कीं तिला ते "हॅक" म्हणत. १९५९ सालीं पीटर सॅमसन या सभासदानें क्लबाच्या बोलींतील शब्दांचा एक छोटा कोश केला, त्यांत हा शब्द आलेला आहे. पुढें याच विद्यापीठांत टीएक्स-० आणि पीडीपी-१ हे संगणक विद्यार्थ्यांच्या हातीं आले, आणि १९६२ सालीं स्टीव्ह रसेल व त्याचे मित्र यांनीं पीडीपी-१ च्या पडद्यावर दोन अंतराळयानांची लढाई लावून देणारा "स्पेसवॉर" हा खेळ रचला. यंत्र ज्या कामासाठीं बनविलें त्याहून निराळें कांहीं तें करूं शकेल काय, हा त्या मंडळींचा ध्यास होता.

रेडिओ ऐकणाऱ्यांना विशेष जवळची वाटेल अशी एक हकीकत याच इतिहासांत आहे. १९७५ सालच्या जानेवारीच्या "पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स" मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या संगणकाचें चित्र आलें. सुटे भाग मागवून घरीं जुळवावयाचा असा तो संगणक होता. त्याला पडदा नव्हता, अक्षरें टंकण्याची सोय नव्हती; दर्शनी बाजूस कळांच्या आणि दिव्यांच्या ओळी, आणि मूळ यंत्रांतील स्मृति अवघी २५६ बाइटांची. त्याच वर्षीं मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका गृहस्थाच्या मोटारीच्या गॅरेजांत कांहीं हौशी माणसें जमलीं, आणि "होमब्रू कॉम्प्युटर क्लब" सुरू झाला. एप्रिलमधील बैठकींत स्टीव्ह डॉम्पियर नांवाच्या सभासदानें आपला अल्टेअर आणला, त्यावर एक साधा रेडिओ ठेवला, आणि प्रोग्राम, म्हणजे यंत्रानें क्रमानें पाळावयाच्या आज्ञांची मालिका, कळा वर-खालीं करून त्यांत भरली. रेडिओंतून बीटल्स मंडळींच्या एका गाण्याची चाल ऐकूं येऊं लागली. आवाज काढण्याचें कोणतेंहि साधन त्या संगणकांत नव्हतें!

हें घडलें कसें? डॉम्पियर घरीं प्रोग्राम चालवीत असतां शेजारचा रेडिओ खरखरला होता. दुसऱ्या कोणी रेडिओ उचलून लांब ठेवला असता. यानें ती खरखर कोठून येते याचा शोध घेतला. संगणकांतील विद्युत्प्रवाह फार वेगानें चालू-बंद होत असतात, आणि जेथें प्रवाह असा बदलतो तेथून रेडिओच्या लहरी बाहेर पडतात. मग प्रोग्रामांतील एकेका फेरीला लागणारा वेळ कमीअधिक केला, तर स्वरहि चढेल-उतरेल, हें त्यानें ताडलें, आणि एकेक स्वर शोधून गाणें बसविलें. नवशिक्यानें घ्यावयाचा सगळा धडा या हकीकतींत आहे. प्रथम, नित्याच्या वस्तूंतली अनपेक्षित गोष्ट ध्यानांत आली पाहिजे. नंतर तिचें कारण शोधलें पाहिजे. आणि कारण सांपडल्यावर तें राबवून पाहिलें पाहिजे. शिवाय संगणक त्याचा स्वतःचा होता, रेडिओ स्वतःचा होता, कोणाला उपद्रव झाला नाहीं, आणि युक्ति त्यानें दडवून न ठेवतां सर्वांपुढें मांडली.

पहिला प्रयोग म्हणून हीच गोष्ट कोणत्याहि घरीं करून पाहतां येते. मध्यम लहरींचा सेलवर चालणारा रेडिओ दोन स्टेशनांमधल्या कोऱ्या जागीं लावावा, आणि तो मोबाइलच्या चार्जरजवळ, एलईडी दिव्याजवळ, संगणकाजवळ हळूहळू न्यावा. प्रत्येकाची खरखर निराळी असते. चार्जर काढला कीं कोणती थांबते, संगणकावर मोठें काम चालू केलें कीं कोणती बदलते, हें लिहून ठेवावें. पैचाहि खर्च न होतां, बंद पेटींत कांहींतरी चाललें आहे आणि तें बाहेरून ओळखतां येतें, याची खूण पटते.

या विद्येचीं दोन अंगें आहेत. हार्डवेअर म्हणजे यंत्राचा देह, आणि सॉफ्टवेअर म्हणजे त्या देहानें पाळावयाच्या आज्ञा. एक सतार, तर दुसरी सतारीवर वाजविण्याची चीज. तारा लावतां येत नाहींत आणि वाजवावयाचें आहे, किंवा तारा उत्तम लागल्या पण चीज येत नाहीं, अशा दोघांचेंहि गायन अपुरें राहतें. म्हणून आरंभापासून दोन्ही अंगांचा थोडाथोडा अभ्यास बरोबरीनें करावा. येथें उतावळेपणा फार आड येतो. "पी हळद आणि हो गोरी" अशा वृत्तीचा मुलगा दुसऱ्यानें रचलेला कुलूप फोडण्याचा तयार प्रोग्राम कोठून तरी मिळवितो, तो चालवितो, आणि आपण हॅकर झालों अशी फुशारकी मारतो. त्या प्रोग्रामांतली एक ओळहि त्याला कळलेली नसते. आणि पुष्कळदां असा फुकटचा प्रोग्राम चालविणाऱ्याच्याच यंत्राचें दार चोरांना उघडून देतो.

हार्डवेअरचा आरंभ सेलवर चालणाऱ्या वस्तूपासूनच करावा. बिघडलेली विजेरी, चावीचें घड्याळ जाऊन आलेलें सेलचें घड्याळ, मोडकें खेळणें, जुना ट्रान्झिस्टर, अशा वस्तु प्रत्येक घराच्या माळ्यावर असतात. त्या उघडाव्या, पण उघडतांना प्रत्येक पायरीचें चित्र काढून ठेवावें, आणि स्क्रू ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें कागदावर मांडावे. पहिली परीक्षा वस्तु पुन्हां जुळविण्याची आहे. मात्र कांहीं वस्तूंना नवशिक्यानें हातहि लावूं नये. घरांतील भिंतीवरची वीज २३० व्होल्टांची असते, आणि तिचा धक्का जीवघेणा ठरूं शकतो. मायक्रोवेव्ह भट्टी आणि जुन्या पद्धतीचा जाड काचेचा दूरचित्रवाणी संच यांत हजारों व्होल्टांचा दाब असतो, आणि पिन काढल्यावरहि तो आंत सांठलेला राहूं शकतो. मोबाइलचा फुगलेला सेल टोंचला किंवा वाकविला तर पेट घेतो. चार्जर आणि अडॅप्टरहि उघडूं नयेत. घरांतल्या वडील माणसांनीं कडक राहावयाचें तें या बाबतींत.

हत्यारें थोडीं लागतात. लहान-मोठे पेचकस, एक चिमटा, एक मल्टिमीटर, तारा न झाळतां भाग खोंचून जुळविण्याचा ब्रेडबोर्ड, आणि पुढें पंचवीस वॅटांची सोल्डरिंगची इस्त्री व डाखाची तार. मुंबईंत लॅमिंग्टन रस्त्यावर आणि पुण्यांत बुधवार पेठेंत हें सामान सुटें मिळतें. तेथल्या दुकानदारांना कोणत्या भागाऐवजीं कोणता भाग चालेल याची माहिती असते. एखादी दुपार त्या दुकानांतून हिंडण्यांत घालविणें हाहि अभ्यासच आहे. डाखाच्या तारेंत कित्येकदां शिसें असतें, म्हणून काम खिडकीजवळ करावें आणि उठल्यावर हात धुवावे.

सामान आणल्यावर पहिला पाठ एका लहान लाल एलईडी दिव्याचा असावा. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. येथें तो प्रथमच उपयोगी पडतो. पुरवठा ५ व्होल्टांचा आहे, लाल दिवा त्यांतील सुमारें २ व्होल्ट घेतो, उरले ३. दिव्यांतून १० मिलिअँपिअर प्रवाह जावयास हवा असेल, तर ३ ला ०.०१ नें भागून ३०० ओमचा रेझिस्टर लागेल असें उत्तर येतें. बाजारांत त्याच्या जवळचा ३३० ओमचा सहज मिळतो; त्याच्या अंगावर नारिंगी, नारिंगी आणि तपकिरी असे पट्टे असतात. तो लावून प्रवाह मल्टिमीटरनें मोजावा. उत्तर ९ मिलिअँपिअरच्या आसपास आलें, म्हणजे वहींतलें गणित आणि टेबलावरचा दिवा यांची गांठ पडली. ज्याला हा आनंद एकदां मिळाला, त्याला पुढचा अभ्यास करा म्हणून सांगावें लागत नाहीं.

येथें वहीचा उल्लेख आला, तो सहज नव्हे. या मार्गांत वहीसारखा गुरु नाहीं. १९८६ सालीं क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत संगणकाच्या व्यवस्थेवर लागला, तेव्हां हिशेबांत ७५ सेंटांचा फरक येतो, तो कां, एवढेंच त्याला पाहावयास सांगितलें होतें. ७५ सेंट कोणीहि सोडून दिले असते. स्टोलनें ते सोडले नाहींत. जें जें दिसलें तें तारीखवार वेळेसह टिपून ठेवीत तो अनेक महिने माग काढीत गेला, आणि शेवटीं तो माग जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं राहणाऱ्या एका घुसखोरापाशीं पोंचला. हा घुसखोर अमेरिकन लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकीत होता. नवशिक्याच्या वहींत एवढें मोठें कांहीं सांपडणार नाहीं. पण काय केलें, काय होईल असें वाटलें होतें आणि काय झालें, हे तीन रकाने त्यानें रोज भरले, तर दोन महिन्यांपूर्वींचीं आपलींच चूक वाचून त्याला आपली प्रगति मोजतां येईल.

पुढची पायरी म्हणजे देह आणि आज्ञा यांची भेट. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ या गांवीं मासिमो बान्झी आणि त्याचे सहकारी यांनीं विद्यार्थ्यांसाठीं "आर्डुइनो" नांवाची एक स्वस्त पट्टी तयार केली. तिची सर्वांत परिचित आवृत्ति, ऊनो, तळहाताएवढी आहे. तींतील चिपेंत प्रोग्रामासाठीं ३२ किलोबाइटांची जागा असून ती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेते. पट्टीचा आराखडा सर्वांसाठीं खुला असल्यामुळें तिच्या प्रतिकृति पुष्कळ निघाल्या आहेत, आणि त्या आणखी स्वस्त मिळतात. तिच्यावर दिवा लुकलुकविण्याचा प्रोग्राम दहा मिनिटांत जमतो. खरा पाठ त्यानंतरचा आहे. एक कळ जोडावी, आणि कळ किती वेळां दाबली हें मोजण्याचा प्रोग्राम लिहावा.

प्रोग्राम बरोबर, जोडणी बरोबर. कळ एकदां दाबली, आणि यंत्र म्हणतें चार! पुन्हां दाबली, तर सात. नवशिका प्रथम प्रोग्रामावर संशय घेतो, मग तारांवर, मग पट्टी विकणाऱ्या दुकानदारावर. दोष कोणाचाच नसतो. कळ दाबली म्हणजे आंतील धातूचे दोन पत्रे एकमेकांवर आपटतात, आणि जमिनीवर टाकलेल्या चेंडूप्रमाणें कांहीं मिलिसेकंद उसळत राहतात. माणसाच्या बोटाला ती उसळी जाणवत नाहीं; पण एका मिलिसेकंदांत सोळा हजार ठोके घेणाऱ्या चिपेला प्रत्येक उसळी म्हणजे नवी कळ वाटते. उपाय दोन आहेत. कळेला एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर जोडून उसळी शमवितां येते, हा हार्डवेअरचा उपाय. किंवा पहिला स्पर्श कळल्यावर पन्नास मिलिसेकंद दुसऱ्या कोणत्याहि स्पर्शाकडे लक्ष देऊं नको, असें प्रोग्रामांत सांगतां येतें, हा सॉफ्टवेअरचा. दोन्ही करून पाहावे. यंत्राला जग कसें दिसतें आणि माणसाला कसें दिसतें, यांतलें अंतर या एका कळेनें जितकें कळतें, तितकें मोठ्या ग्रंथानेंहि कळत नाहीं. आणि सगळें हॅकिंग याच अंतरावर उभें आहे.

सॉफ्टवेअरकडे वळावयाचें, तर घरांतला एखादा जुना संगणक मुलांना निराळा काढून द्यावा आणि त्यावर लिनक्स ही प्रणालि बसवावी. १९९१ सालीं हेलसिंकी येथें शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिच्या गाभ्याचा आरंभ केला, आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाहि वाचतां येते. हा संगणक बिघडला तरी घरचें कांहीं अडत नाहीं, म्हणून तो धिटाईनें बिघडवितां येतो. जुना संगणक नसेल, तर रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आहे. केंब्रिज विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटत चालली, या चिंतेंतून एबेन अप्टन व त्याचे सहकारी यांनीं तो योजिला आणि २०१२ सालीं तो बाजारांत आला. भाषा प्रथम पायथन घ्यावी. ती वाचावयास सोपी आहे. ती अंगवळणीं पडल्यावर सी शिकावी; ती कठीण असली, तरी स्मृतीच्या कोणत्या खणांत काय ठेवलें जातें तें तिच्यांत स्पष्ट दिसतें. यंत्र चूक दाखवितें तेव्हां त्या ओळी न वाचतां पुसून टाकण्याची खोड बहुतेक मुलांना असते. ती मोडावी, त्या ओळींत कोठें चुकलें हें बहुधा लिहिलेलेंच असतें.

पहिल्या आठवड्यांतच करण्याजोगा एक प्रयोग असा आहे. वर्डमध्यें लिहिलेलें एखादें साधें पत्र घ्यावें, आणि त्याच्या फाइलींतील मूळ बाइट जसेच्या तसे दाखविणाऱ्या साधनानें तें उघडावें. पत्रांतला मजकूर कोठें दिसत नाहीं. अगदीं आरंभीं मात्र पी आणि के हीं दोन इंग्रजी अक्षरें दिसतात. फिल कॅट्झ या प्रोग्रामकारानें १९८९ सालीं फाइली दाबून लहान करण्याची झिप ही पद्धति काढली, त्याच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें आहेत. म्हणजे वर्डचें पत्र ही वस्तुतः एक झिपची पेटी आहे. तिची एक प्रत करून, नांवाच्या शेवटीं झिप असें लिहून ती उघडली, तर आंत फाइलींचा सारा संसारच दिसतो, आणि मजकुराबरोबर लिहिणाराचें नांव आणि तारीखहि त्यांत बहुधा सांपडते. कार्यालयांतून पत्र पाठविणाऱ्या वडिलांनाहि ही गोष्ट नवी वाटेल.

इतकी तयारी झाल्यावर, साधारण वर्षाच्या अखेरीस, अडगळींत पडलेला स्वतःचा जुना राउटर हातीं घ्यावा. पुष्कळ राउटरांच्या आंतील पट्टीवर चार छिद्रें किंवा चार पिना एका ओळींत दिसतात. एक भूमीची, एक पुरवठ्याची, एक संदेश पाठविण्याची आणि एक घेण्याची. कारखान्यांत तपासणीसाठीं ठेवलेलें हें दार असतें. कोणती पिन कोणती हें मल्टिमीटरनें ओळखावें. संगणकाच्या यूएसबीला लागणारी ३.३ व्होल्टांची सीरियल जोडणी घ्यावी. ५ व्होल्टांची लावली तर चिप जळूं शकते. पुरवठ्याची पिन सोडून बाकीच्या तीन जोडाव्या, आणि राउटर चालू करावा. गति जुळली कीं पडद्यावर ओळींमागून ओळी धांवूं लागतात: स्मृति किती, चिप कोणती, प्रणालि कोणती. बहुतेक वेळां तेथें लिनक्सचेंच नांव दिसतें. वर्षभर लिनक्सशीं झालेली ओळख आणि वर्षभर हाताळलेला मल्टिमीटर यांची येथें भेट होते. असाच मार्ग फार पुढें नेला, तो अँड्र्यू हुआंग यानें. एमआयटीचा विद्यार्थी असतां २००२ सालीं त्यानें एक्सबॉक्स या खेळण्याच्या यंत्रांतील दोन चिपांच्या मधून जाणारे संदेश टिपून त्यांतली गुप्त किल्ली शोधली. त्याविषयींचें त्याचें पुस्तक २००३ सालीं निघालें, आणि २०१३ सालीं त्यानें तें सर्वांना विनामूल्य दिलें. पेटी कशी उघडावी आणि डाख कसा लावावा, येथपासून त्या पुस्तकाचा आरंभ आहे.

आतां मर्यादेचा विचार. स्वतःची पेटी उघडणें आणि दुसऱ्याची उघडणें यांत हाताची कृति एकच असली, तरी पहिलीला अभ्यास म्हणतात आणि दुसरीला गुन्हा. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणें, मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय संगणकांत प्रवेश केला, तरी भरपाईची जबाबदारी येते. आणि तेंच अप्रामाणिकपणें किंवा कपटानें केलें, तर ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शेजाऱ्याचा वायफाय, शाळेचा संगणक, मैत्रिणीचा मोबाइल, हीं सर्व परक्याचीं घरें आहेत. "केवळ पाहिलें, घेतलें कांहीं नाहीं," हें उत्तर परक्याच्या घरांत शिरलेल्याला शोभत नाहीं.

आणि हेतु वाईट नसला म्हणजे झालें, असेंहि नाहीं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडून बसला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाणारा तो प्रोग्राम होता. ज्या यंत्रावर त्याची प्रत अगोदरच आहे तेथें दुसरी प्रत चालूं नये, अशी योजना त्यांत होती. पण कोणी खोटी खूण दाखवून त्याला अडवूं नये, म्हणून सातांपैकीं एका वेळीं ती खूण न मानतां प्रत चालूच ठेवावी, असेंहि त्यांत घातलेलें होतें. हें प्रमाण फार जास्त ठरलें. प्रतींवर प्रती चढल्या, आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ६,००० यंत्रें ठप्प झालीं. १९९० सालीं न्यायालयानें मॉरिसला तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. पुढें तोच मनुष्य एमआयटीमध्यें प्राध्यापक झाला, इतकी त्याची बुद्धि मोठी होती. अशा बुद्धीच्या माणसाचाहि अंदाज चुकला. आणि चूक आपल्या टेबलावर न होतां दुसऱ्यांच्या हजारों यंत्रांवर झाली, म्हणून ती निस्तरतां आली नाहीं. कळेच्या उसळीनें चुकलेली मोजणी आणि हा प्रसंग, चूक एकाच जातीची. फरक झाला तो जागेचा.

कुलुपें उघडण्याचा सराव करावयाचाच, तर त्यासाठीं मुद्दाम बांधलेले आखाडे आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठानें शाळेंतल्या मुलांसाठीं २०१३ सालीं पिकोसीटीएफ ही स्पर्धा सुरू केली. तींतील कोडीं विनामूल्य सोडवितां येतात. "बँडिट" नांवाचा असाच एक खेळ लिनक्सच्या अगदीं प्राथमिक आज्ञांपासून सुरू होतो, आणि नांवांतच रिकाम्या जागा असलेली फाइल कशी वाचावी अशासारख्या लहान कोड्यांतून शिकणाराला एकेक पायरी वर नेतो. तेथें कुलूप उघडण्याची परवानगी मालकानेंच दिलेली असते. आणि सहज वापरतां वापरतां एखाद्या संस्थेच्या व्यवस्थेंत दोष आढळला, तर त्याचा गाजावाजा न करतां, आणखी आंत न शिरतां, तो त्या संस्थेला किंवा सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवावा, आणि तेथेंच थांबावें.

ही विद्या एकांतांत फार काळ वाढत नाहीं. होमब्रू क्लबांत एकजण आपला आराखडा सर्वांना दाखवी, दुसरा त्यांतली चूक काढी; त्याच मंडळींत बसून स्टीव्ह वॉझ्नियाक यानें आपला संगणक सिद्ध केला, आणि त्यांतून १९७६ सालीं अॅपल कंपनी निघाली. महाराष्ट्रांतहि याला पूरक परंपरा आहे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानें काम करीत शिकावें, हें त्याचें सूत्र. एमआयटीनें आपल्या आवाराबाहेर ज्या फॅब लॅब, म्हणजे कोणालाहि वस्तु घडवितां येतील अशा कार्यशाळा, प्रथम काढल्या, त्यांत २००२ सालीं पाबळचा समावेश झाला. आगगाडीच्या क्लबाची ती संस्था आणि पाबळसारखें खेडें यांची गांठ पडली, ती हातानें काम करणाऱ्यांना एकमेकांची भाषा कळते म्हणून.

आतां राहतां राहिली ती घरांतली वडील मंडळी. त्यांना विद्युत्शास्त्र यावयास पाहिजे असें नाहीं. त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. मुलांना काम करावयास बंद खोली न देतां माजघरांतलें टेबल द्यावें. "हें कोणाचें आहे, आणि त्यानें परवानगी दिली आहे काय?" हा प्रश्न नित्य विचारावा. आणि वस्तु उघडली ती पुन्हां जुळली नाहीं, तर पहिल्या दोन-चार वेळां रागावूं नये. ज्या मुलाचें कुतूहल माजघरांत कोंडलें जातें, तें मूल तें कुतूहल घेऊन दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशीं जातें, आणि तेथला शिकविणारा कसा असेल हें घरच्यांना कधींच कळत नाहीं. हा नियम मुलांइतकाच मुलींनाहि लागू आहे. पेचकस तर तिलाच आधीं द्यावा, कारण तो तिच्या हातीं सहसा कोणी देत नाहीं.

आजच्या घरांत पैसे, पत्रें, औषधोपचाराचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका, सगळें बंद पेट्यांतून वाहतें. त्या पेट्यांच्या आंत काय चालतें हें घरांतील एकाला तरी ठाऊक असणें, ही आतां चैन राहिलेली नाहीं. या भाषणानंतर रेडिओ बंद करतांना एखाद्या घरांत कोणी विचारील, "याच्या आंत काय आहे?" त्याला "हात लावूं नको" असें उत्तर न मिळतां, "अगोदर सेल काढ, आणि पेचकस व वही घेऊन ये," असें मिळालें, तर त्या घरीं या विद्येचा श्रीगणेशा झाला असें समजावें.